मिस हेझलनं सांगितलेली पिचर

अहिल्या घाटे मुळात कमी बोलणारी बाई. पण मिस हेझलची गोष्ट तिनं जितक्यांना सांगितली, तितक्यांना स्वतःच्या लग्नाचीही सांगितली नसेल. कामावरच्या नर्सना सांगितली, लेकीच्या शाळेतल्या टीचरला सांगितली, अर्विंगच्या देशी दुकानात रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी बाईला सांगितली, नागपूरला आईला फोनवर सांगितली. आणि पुढे यातल्या ज्यानं ज्यानं विषय काढला, त्याला मान खाली घालून सांगावं लागलं, की ते तसं नव्हतं.

नव्व्याण्णव साली तिचा नवरा यतीन एका टेलिफोन कंपनीच्या नोकरीवर टेक्ससला, प्लेनोजवळ आला. मागोमाग अहिल्या आणि चार वर्षांची वैदेही. अहिल्या नागपूरची फिजिओथेरपिस्ट. इथल्या परीक्षा देऊन तिनं लायसन्स मिळवलं आणि म्हाताऱ्या माणसांच्या एका केंद्रात नोकरी धरली. केंद्राच्या पुढच्या भागात हाड मोडून नाहीतर अर्धांग होऊन आलेले पेशंट असत, मागच्या भागात कायमचे राहणारे. दोन हजार एकमध्ये टेलिकॉमचा फुगा फुटला आणि यतीनची अख्खी टीम एका शुक्रवारी घरी गेली. सात महिन्यांनी त्याला काम मिळालं ते पार वायव्येच्या टोकाला, रेडमंडला. तो तिकडे पावसात, मायलेकी इकडे उन्हात. महिन्यातून एकदा तो विमानानं यायचा, कपडे धुवायचा, लॉन कापायचा आणि जायचा. अहिल्या तशी रडणारी नव्हे. पण संध्याकाळी गाडी गॅरेजमध्ये घातल्यावर ती दोन-तीन मिनिटं आतच बसून राहायची. घरात शिरायला बळ गोळा करावं लागायचं.

अशात दोन हजार दोनच्या ऑक्टोबरात मिस हेझल आली.

पूर्ण नाव हेझल प्रुइट. वय शहात्तर, उजवा खांदा मोडलेला, ओठांना लिपस्टिक लावलेली. टेक्ससमध्ये वडीलधाऱ्या बाईला नावाआधी मिस लावून हाक मारतात, तशी सगळे तिला मिस हेझल म्हणत. नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली होती. मुलगा ॲरिझोनात. पहिल्या सकाळी अहिल्यानं तिचा उजवा हात हळूच हातात घेतला आणि तिची नजर अनामिकेवर गेली. मधल्या पेरात वाकडी, कधीकाळी मोडून तशीच जुळलेली.

"हे बोट कशानं मोडलं?"

"बॉलनं. बेसबॉल."

"तुम्ही खेळायचात?"

मिस हेझलनं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाली, "हो. मी पिचर होते."

पिचर म्हणजे बेसबॉलमधली बॉलर. आता हे दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर "वा वा" म्हणून हात वर-खाली करायला लागलं असतं. पण अहिल्या स्वतः कॉलेजात असताना विद्यापीठाच्या मुलींच्या टीममधून क्रिकेट खेळली होती. ऑफस्पिन टाकायची. इंदूरला, रायपूरला जाऊन आली होती. मॅच बघायला पंचवीस माणसं, त्यातली निम्मी पुढच्या मुलांच्या मॅचसाठी आलेली. लग्न ठरलं त्या महिन्यात आईनं तिचा पांढरा ड्रेस आणि बूट कामवाल्या बाईला देऊन टाकले, विचारलंही नाही. त्याबद्दल अहिल्या कधी कुणाशी बोलली नव्हती. बोटांनी बॉल फिरवणारी बाई तिला त्यानंतर भेटली ती ही, टेक्ससमध्ये, शहात्तराव्या वर्षी.

"मला सांगा ना," अहिल्या म्हणाली.

आणि मिस हेझल सांगू लागली.

लढाईचे दिवस. गावोगावची तरुण पोरं सैन्यात गेलेली. इंडियानातल्या चार गिरणीगावांनी मिळून बायकांची एक छोटीशी लीग काढली, चव्वेचाळीस साली. पगारी खेळाडू. चार उन्हाळे चालली आणि बंद पडली. कुठल्या पुस्तकात तिचं नाव नाही. हेझलच्या टीमचं नाव लार्क्स. अंगात गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट, त्यामुळे जमिनीवर घसरून बेस गाठताना मांडी सोलवटायची. तिथल्या मातीत कोळशाची कच असायची, ती कातडीत बसायची. पुरुषांच्या खेळात पिचर वरून बॉल फेकतो. या बायका हात खालून फिरवून टाकत. हेझलच्या बॉलला सगळे ड्रॉप म्हणायचे. सरळ छातीच्या उंचीवर येतोय असं वाटायचं आणि बॅटपाशी येता येता तो जिना उतरल्यासारखा खाली जायचा. एकदा अंगात ताप असताना तिनं अकरा डाव टाकले. एकदा समोरच्या गावच्या लोकांनी बसवर टोमॅटो मारले. एकदा बसमध्ये सगळ्याजणी इतक्या हसल्या की ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली.

अहिल्या घरी जाऊन हे सगळं लिहून काढू लागली. मराठीत, वैदेहीच्या शाळेसाठी आणलेल्या वह्यांमध्ये. पहिली वही जानेवारीत भरली.

खांदा बरा झाला. मिस हेझल घरी न जाता मागच्या भागात कायमची राहायला गेली. आता ती अहिल्याची पेशंट राहिली नव्हती. तरी अहिल्या बुधवारी काम संपल्यावर आणि शनिवारी सकाळी तिच्याकडे जायचीच. सोबत वैदेही आणि एक डबा. मिस हेझलला साबुदाण्याची खिचडी आवडायची, मिरची वगळून. केंद्राच्या मागे गवताचा एक पट्टा होता. तिथे मिस हेझल खुर्चीत बसायची आणि वैदेहीला बॉल धरायला शिकवायची.

"शिवणीवर दोन बोटं. दाबायचं नाही. सुटताना बोटांवरून साल काढल्यासारखा सुटला पाहिजे."

वैदेही आठ वर्षांची होती तेव्हा बॉल कुठेही जायचा. नऊ वर्षांची झाली तेव्हा समोर जायचा. दहाव्या वर्षी एका शनिवारी तो खरोखर जिना उतरला. मिस हेझल खुर्चीतून ओरडली, अहिल्या ओरडली, आतून एक नर्स काय झालं म्हणून धावत आली.

यतीन फोनवर म्हणायचा, "तू पेशंटच्या प्रेमात पडतेस यार."

"ती आता पेशंट नाहीये," अहिल्या म्हणायची.

दोन हजार पाचच्या गणपतीत अहिल्यानं महाराष्ट्र मंडळाच्या पद्मजा मावशींना गाठलं. पद्मजा मावशी सत्तर सालापासून डॅलसमध्ये, निवृत्त भूलतज्ज्ञ; मंडळात त्यांचा शब्द अखेरचा. अर्विंगच्या हॉलमध्ये आरतीनंतर मिस हेझलला व्हीलचेअरवरून स्टेजवर आणलं गेलं. शाल दिली, नारळ दिला. नारळाचं काय करायचं ते तिला कळेना, तो ती बॉलसारखा तोलून बघू लागली. हॉलमध्ये हशा आणि टाळ्या. अहिल्यानं माइकवर तिची गोष्ट सांगितली. चारशे माणसांसमोर बोलायची तिची ती पहिलीच वेळ, पण आवाज एकदाही अडखळला नाही.

त्याच हिवाळ्यात शेजारच्या गावानं मुलींच्या सॉफ्टबॉलसाठी, म्हणजे हात खालून फिरवून टाकायच्या बेसबॉलसाठी, तीन नवी मैदानं बांधायला घेतली आणि लोकांकडून नावं मागवली. वैदेही तिथल्याच लीगमध्ये खेळायची. अहिल्यानं मिस हेझलला विचारलं, "तुमचं नाव देऊ या का सुचवून?"

"कशाला हे सगळं? राहू दे, हनी," मिस हेझल म्हणाली.

अहिल्याला वाटलं, म्हातारी संकोचतेय. मोठी माणसं असंच म्हणतात.

तिनं अर्ज केला. सात पानांचा. फेब्रुवारीत गावाच्या पार्क बोर्डासमोर उभी राहून ती बारा मिनिटं बोलली. बोर्डानं पुरावा मागितला. लीगचे कागद कुठे उरले नाहीत, असं तिनं सांगितलं आणि मिस हेझलच्या सहीचं निवेदन दिलं. ते निवेदनही अहिल्यानंच टाइप केलेलं. मिस हेझलनं चष्मा न लावता सही केली होती. बोर्डावरच्या एका आजोबांनी डोळे पुसले. मैदान क्रमांक तीनला हेझल प्रुइटचं नाव द्यायचं ठरलं, जूनच्या दुसऱ्या शनिवारी समारंभ. स्थानिक पेपरनं अर्धं पान बातमी दिली. फोटोत मिस हेझलच्या हातात बॉल, आणि मागे उभी अहिल्या, आपल्याच आजीचा सत्कार चाललाय अशा चेहऱ्यानं.

पेपरनं ती बातमी आपल्या वेबसाइटवरही टाकली. त्यानं सगळं फिरलं.

मे महिन्यातली दुपार. अहिल्या केंद्राच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून डबा खात होती. फोन वाजला. नंबर अनोळखी, इंडियानाचा.

"पेपरमध्ये नाव आलंय ती थेरपिस्ट तूच का?" म्हातारा, खणखणीत आवाज. "माझं नाव आर्लीन. नातवानं मला तुमच्याकडची बातमी छापून दिली. चव्वेचाळीसपासून सेहेचाळीसपर्यंत लार्क्सची सेकंड बेस मी होते. सेकंड बेस म्हणजे पिचरच्या पाठीमागे, कळलं? आमच्या पिचरची पाठ मी तीन उन्हाळे पाहिली आहे. तिचं नाव विल्मा स्ट्रॅटन. हेझल नावाची आमच्यात कुणी नव्हती."

अहिल्याला आधी आनंदच झाला. लार्क्सची खरी खेळाडू जिवंत आहे! ती म्हणाली, "तुम्ही विसरला असाल. साठ वर्षं झाली."

"बाई, आम्ही पंधराजणी होतो. पंधरा नावं विसरण्याइतकी मी गेलेली नाही. तो टोमॅटोचा किस्सा, तो तापातला सामना, सगळं विल्माचं आहे. आणि फोटोत या बाईनं बॉल उजव्या हातात धरलाय. विल्मा डावखुरी होती."

अहिल्याच्या हातातला घास तसाच राहिला.

"त्यांचं माहेरचं नाव डन," ती कशीबशी म्हणाली.

मग आर्लीन म्हणाली, "डन? विल्मा मिसेस डनच्या घरी राहायची. बाहेरगावच्या आम्ही सगळ्या तशाच कुणाकुणाच्या घरी राहायचो. मिसेस डनला एक मुलगी होती. सतरा-अठराची, बारकीशी. विल्मा संध्याकाळी अंगणात सराव करायची, तेव्हा ती समोर बसून बॉल झेलायची. अरे देवा. ती का ही?"

अहिल्यानं उरलेला डबा बंद केला. आत जाऊन रेकॉर्डरूममधून मिस हेझलची जुनी फाइल काढली. खांद्याच्या एक्स-रेचा रिपोर्ट तिनं चार वर्षांपूर्वी वाचलाच होता: ताजं फ्रॅक्चर सोडता सांधा वयाच्या मानानं उत्तम, जुनी झीज नाही. खाली तिच्याच अक्षरात शेरा होता: इतकी वर्षं पिचिंग करूनही! उद्गारचिन्हासकट. हातापायांचं शास्त्र शिकलेली, दिवसाला दहा खांदे तपासणारी बाई, आणि सांधा खरं सांगत होता तेव्हा तिनं उद्गारचिन्ह काढलं होतं. तिला स्वतःचीच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मिस हेझलच्या खोलीत गेली तेव्हा मिस हेझल ओटमील खात होती.

"विल्मा कोण?" अहिल्यानं दारातूनच विचारलं.

चमचा वाडग्यात ठेवला गेला. "कुणी फोन केला?"

काय म्हणतेस, कोण विल्मा, असं काही ती म्हणेल, ही वेडी आशा अहिल्याच्या मनात रात्रभर होती. ती तिथेच संपली.

"आर्लीननं."

"जिवंत आहे अजून? तिला एक बॉल धड अडवता यायचा नाही."

"मिस हेझल, तुम्ही चार वर्षं माझ्याशी खोटं बोललात."

"तू विचारलंस," मिस हेझल म्हणाली. तिच्या आवाजात माफी नव्हती, नुसता थकवा होता. "बोट हातात धरून विचारलंस, तुम्ही खेळायचात का. हे बोट विल्माच्याच बॉलनं मोडलंय, ते खोटं नाही. पण तू असा चेहरा केलास, की मला वाटलं, एक दिवस असू दे. दुसऱ्या दिवशी तू खुर्ची ओढून बसलीस. महिन्यानं वही घेऊन आलीस. मग डबा. मग पोर."

"म्हणजे चूक माझी?"

"मी नको म्हटलं होतं. मैदानाचं. आठवतं?"

"नको म्हणणं म्हणजे खरं सांगणं नव्हे!" अहिल्याचा आवाज चढला. कॉरिडॉरमधून जाणारी एक बाई थबकली. अहिल्यानं दार लोटलं. "मी त्या लोकांसमोर उभी राहिले. माझ्या माणसांसमोर तुम्हाला नेलं, शाल घातली. माझ्या मुलीला..."

"मिसेस डनची मुलगी म्हणून तू बुधवारी आणि शनिवारी आली असतीस?" मिस हेझलनं विचारलं. "टेलिफोन ऑपरेटर म्हणून तीस वर्षं काढलेली बाई. तिच्याकडे आली असतीस?"

"ते मला ठरवू द्यायचं होतं."

मिस हेझलनं मांडीवरचा नॅपकिन सारखा केला.

"आणि विल्मा? तिचं आयुष्य तुम्ही उचललंत. तिला काय वाटलं असतं?"

आता पहिल्यांदा म्हातारीचा चेहरा हलला. "सेहेचाळीसच्या सप्टेंबरात ती बसमध्ये चढली. पत्र लिहीन म्हणाली. मी दोन वर्षं पोस्टाची पेटी उघडून बघत होते. एक ओळ आली नाही." तिनं पुन्हा चमचा उचलला, पण खाल्लं नाही. "मला वाटलं, तिला नकोच आहे ते सगळं. मग मी घेतलं."

अहिल्या निघाली.

त्याच दिवशी तिनं पार्क बोर्डाला पत्र लिहिलं. अर्ज सात पानांचा होता, पत्र सहा ओळींचं झालं. मी दिलेली माहिती चुकीची आहे, ती मी तपासली नाही, त्याबद्दल क्षमस्व. बोर्डाच्या सेक्रेटरीनं फोन करून मऊ शब्दांत आभार मानले, पण समारंभ रद्द झाल्याचं पेपरनं छापायचं ते छापलंच. मैदान क्रमांक तीनचं नाव मैदान क्रमांक तीनच राहिलं. केंद्राच्या मॅनेजरनं अहिल्याला बोलावून एक कागद पुढे केला. इथल्या राहणाऱ्या बाईशी कामाबाहेर इतका संबंध ठेवणं, तिच्या नावानं अर्ज करणं नियमात बसत नाही. ही लेखी ताकीद. तेव्हा घरातल्या तिघांचं ग्रीनकार्ड अहिल्याच्या नोकरीवर लटकलेलं. तिनं सही केली.

मंडळात कुणी तोंडावर काही बोललं नाही. पण पुढच्या गणपतीला प्रसादाच्या रांगेत एका बाईनं हसत विचारलंच, "काय गं, त्या तुझ्या गोऱ्या आजीचं काय झालं? फसवलं म्हणे तिनं सगळ्यांना?" पद्मजा मावशींनी त्या बाईला डोळ्यांनीच गप्प केलं. मग अहिल्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "शाल दिली ती दिली. शाल परत मागायची नसते." अहिल्याला हाताची ऊब कळली. पण डोळे भरून आले ते रागानं.

सगळ्यात अवघड होतं ते वैदेहीला सांगणं. ती अकरा वर्षांची. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सो शी लाइड."

"हो."

"अबाउट एव्हरीथिंग?"

"बॉल कसा टाकायचा ते खरं होतं. तिनं ते पाहिलं होतं."

वैदेहीनं विचारलं, "डिड शी ईव्हन लाइक अस?"

हो म्हणावं, तर कुठल्या तोंडानं? पोरगी उठून वर गेली. तो सीझन तिनं कसाबसा पूर्ण केला. ड्रॉप एकदाही टाकला नाही. शरद ऋतूत तिनं सॉफ्टबॉल सोडला आणि पोहायला जायला लागली. मिस हेझलकडे चल म्हणायचा प्रश्नच नव्हता.

यतीन म्हणाला, "म्हातारी होती अहिल्या, एकटी होती. सोडून दे ना."

"मी दिवसभर म्हाताऱ्यांचंच काम करते," अहिल्या म्हणाली. "म्हातारी आहे म्हणून सोडायचं, तर मी त्यांना माणूस समजतच नाही असं होईल."

त्या ऑगस्टमध्ये मिस हेझलचं कंबरेचं दुखणं वाढलं आणि तिला पुन्हा थेरपी लिहून दिली गेली. अहिल्यानं मॅनेजरला सांगून ती केस दुसऱ्या थेरपिस्टकडे दिली. ताकीद हाताशी होतीच, कारण विचारलं गेलं नाही. तिच्या खोलीवरून दिवसातून तीन-चार वेळा जावं लागायचं. दार बहुधा उघडं. एकदा आतून हाक आली, "हनी?" अहिल्यानं हातातली फाइल उघडली आणि वाचत वाचत पुढे गेली. फाइल उलटी धरली होती, हे तिला कोपऱ्यावर वळल्यावर कळलं.

असे सहा महिने गेले. दोन हजार सातच्या फेब्रुवारीत एका सोमवारी ती कामावर आली तेव्हा त्या खोलीतला पलंग उघडा होता, गादीवर चादर नव्हती. शनिवारी सकाळी गेली, नर्स म्हणाली. मुलगा येऊन सामान घेऊन गेला. अहिल्या कपाटापाशी उभी राहिली. तिला रडू आलं नाही. आधी मनात आलं ते हे, की आता विचारायला कुणी नाही. वह्या पाच होत्या. त्यातलं किती विल्माचं, किती हेझलनं मनानं रचलेलं, हे एकच माणूस सांगू शकत होतं, आणि त्या माणसाला तिनं नऊ महिने तोंड दाखवलं नव्हतं.

वह्या जाळून टाकाव्यात असं तिला दोनदा वाटलं. शेवटी त्या शरदात तिनं आर्लीनला फोन केला आणि विल्माच्या घरचं कुणी आहे का, विचारलं. एक भाची होती, पॅटी, इलिनॉयमध्ये राहणारी. अहिल्यानं तिला पत्र लिहिलं. घडलं ते सगळं लिहिलं, स्वतःला पाठीशी न घालता. तुमच्या मावशीची गोष्ट मी दुसऱ्याच बाईच्या नावानं गावभर सांगितली, हे तुम्हाला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिते आहे. सोबत वह्यांमधल्या तीस गोष्टी इंग्रजी करून पाठवल्या.

उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. तीन आठवड्यांनी आलं. हातानं लिहिलेलं.

मावशीनं लग्न केलं नाही, पॅटीनं लिहिलं होतं. एका शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं एकतीस वर्षं काढली. चौऱ्याण्णव साली वारली. ती कधीकाळी बॉल खेळायची एवढंच आम्हाला माहीत होतं, कारण नाताळात मुलांबरोबर बर्फाचे गोळे फेकताना ती डाव्या हातानं फेकायची आणि कुणाचाच नेम तिच्यासारखा नसायचा. विचारलं तर म्हणायची, फार जुनी गोष्ट आहे. तुम्ही पाठवलेल्या पानांतलं एक अक्षरही आम्ही कधी ऐकलेलं नाही. मी ती दोनदा वाचली. आता मला एवढंच सांगा, यातलं खरं काय?

अहिल्या ते पत्र हातात घेऊन जिन्याच्या पायरीवर बसली. खरं काय! विल्मा स्ट्रॅटन नावाची बाई जगात होती, तिनं ताप अंगावर काढून अकरा डाव टाकले, तिच्या बसवर टोमॅटो पडले, याची साक्ष द्यायला उरलं होतं काय? एकटी आर्लीन सोडली तर एका लबाड म्हातारीचं बोलणं, नागपूरच्या बाईच्या अक्षरात.

मग दोन हजार आठच्या उन्हाळ्यात रविवारी दुपारी तिघीजणी फोनवर बसू लागल्या. इलिनॉयमधून पॅटी, इंडियानातून आर्लीन, आणि प्लेनोहून अहिल्या. अहिल्या वहीतलं वाचून इंग्रजीत सांगायची. आर्लीन निकाल द्यायची: हे झालं होतं, हे झालं नव्हतं, हे मला माहीत नाही. अहिल्या पेन्सिलीनं समासात खूण करायची. माहीत नाही असंच पुष्कळ निघालं. घरातल्या, अंगणातल्या गोष्टी आर्लीनला कुठून ठाऊक असणार? त्या वेळी तिथे दोघीच होत्या.

जुलैतल्या एका रविवारी अहिल्यानं चौथ्या वहीतली एक गोष्ट वाचली. कडक ऊन होतं. सामन्याचा नव्हे, सरावाचा दिवस. मैदानात प्रेक्षक एकही नाही. टीममधली एकेक बॅटर समोर येऊन उभी राहिली आणि मी अर्धा तास टाकत राहिले. एकीलाही धड मारता आला नाही. शेवटी कोच म्हणाला, पोरी, पुरे. आयुष्यात इतकं छान मला पुन्हा कधी वाटलं नाही.

"हे नाही," आर्लीन म्हणाली. "सरावाला विल्मा टाकायचीच नाही, हात जपायची. थांब. हे झालं होतं. पण ती विल्मा नव्हे. सरावाला बॉल टाकणारी मुलगी त्या दिवशी आजारी होती. मिसेस डनची पोर आमच्यासाठी लिंबू सरबताची किटली घेऊन आली होती, तर विल्मानंच तिला पुढे ढकललं. टाक म्हणाली. आणि खरंच, तिनं आम्हाला नाचवलं. मी स्वतः दोनदा हुकले." ती हसली. "बिचारी सरबत वाटायचं विसरूनच गेली."

पॅटीही हसली. अहिल्याला हसू येईना.

"हॅलो? आहेस ना?" पॅटीनं विचारलं.

"आहे."

तिच्या डोळ्यांसमोर चार वर्षांचे बुधवार आणि शनिवार येत होते. एवढं होतं हिच्याकडे. स्वतःचं, खरं, साक्षीदार असलेलं. अंगणात बसून मोडलेलं बोट, मैत्रिणीनं पुढे ढकललेली ती दुपार, दोन वर्षं उघडून पाहिलेली पोस्टाची पेटी. एवढंच सांगितलं असतं, तर अहिल्या खुर्ची ओढून बसली नसती का? वही आणली नसती का? बसली असती. आता तिला त्याची खात्री होती. आणि ही खात्री म्हातारीला ऐकवायची सोय राहिली नव्हती, याचा राग तिला त्या खोट्याच्या रागाहूनही जास्त आला. विश्वास तिनं टाकला होता. हेझलनं मात्र तिच्यावर एकदाही टाकला नव्हता.

"हे पान विल्माच्यात नको ना ठेवायला?" पॅटी विचारत होती.

"नको," अहिल्या म्हणाली.

तिनं ते पान वहीतून फाडलं नाही. समासात बरोबरची खूण केली, आणि वर, कोपऱ्यात, मिस न लावता लिहिलं: हेझल डन. मग पुढचं पान उलटलं आणि वाचायला घेतलं.